कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या

सरकारी कार्यालयात ज्याचं अक्षर चांगलं, त्याच्या गळ्यात निवडणुकीचं काम पडतं. माझं अक्षर चांगलं होतं. अमरावतीत कालव्यांचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयात मी कारकून म्हणून लागले आणि दोन-तीन वर्षांतच साहेबांनी कर्मचाऱ्यांची यादी माझ्यापुढे टाकली. "कलेक्टर ऑफिसला माहिती द्यायची आहे, तुम्हीच करा." ते 'तुम्हीच करा' मी निवृत्त होईपर्यंत संपलं नाही. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, सगळ्यांत मी होते. उमेदवार म्हणून उभं राहायचं तेवढं राहिलं.

काम दिसायला सोपं. ऑफिसातल्या प्रत्येकाचं नाव, पद, मोबाईल, घर कोणत्या मतदारसंघात, मतदार यादीत भाग कितवा, अनुक्रमांक कितवा, हे सगळं भरून द्यायचं. मग निवडणूक शाखा त्यातून कोणाला केंद्राध्यक्ष करते, कोणाला मतदान अधिकारी. विधानसभेला कर्मचाऱ्याला स्वतःच्या मतदारसंघात सहसा ठेवत नाहीत. म्हणजे दुसऱ्यांचं मत घ्यायला जो जातो, त्याला स्वतःच्या केंद्रावर जाता येत नाही. त्याच्यासाठी टपाली मतपत्रिका असते. एक अर्ज भरायचा, फॉर्म बारा त्याचं नाव. तो अर्ज त्याच्या मूळ मतदारसंघात जातो, तिथून त्याच्या नावाची मतपत्रिका पाकिटात येते आणि प्रशिक्षणाच्या ठिकाणी जे सुविधा केंद्र असतं तिथं बसून त्यानं मत द्यायचं.

लोक हा फॉर्म भरत नाहीत. आळस, दुसरं काय. पहिल्या प्रशिक्षणाला चहा-नाश्त्याच्या रांगेत पुढे आणि फॉर्मच्या टेबलावर कोणी नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. निवडणूक झाली की हेच लोक छातीवर हात मारून सांगणार, आमचं मत वाया गेलं हो. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. म्हणून मी आमच्या ऑफिसात एक पद्धत पाडली. कर्मचाऱ्यांची माहिती गोळा करतानाच प्रत्येकाकडून कोऱ्या फॉर्म बारावर सही घेऊन ठेवायची. आमची निम्मी माणसं कालव्यावर, शाखांवर विखुरलेली, ऐन वेळी सहीला कोण सापडणार? मतदार कार्डाची झेरॉक्स माझ्या कपाटात होतीच. नेमणुकीचे आदेश आले की मी माझ्या चांगल्या अक्षरात सगळे फॉर्म भरायची, गठ्ठा बांधायची आणि स्वतः नेऊन द्यायची. निवडणूक शाखेतले लोक दुसऱ्या ऑफिसांना माझं उदाहरण द्यायचे. मला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे, घरी येऊन दोनदा सांगण्याइतकं आवडायचं.

मतदानाच्या हक्काच्या बाबतीत मी ऑफिसात जरा दरारा ठेवून होते. आमच्याकडे चौकीदार एका कंत्राटदाराकडून यायचे. मतदानाच्या दिवशी त्यांना पगारी सुट्टी द्यायची असते, मग तो कारखाना असो, दुकान असो की कंत्राट. कंत्राटदारानं एका वर्षी हुशारी केली. आठवड्याची सुट्टी मतदानाच्या दिवशी सरकवली आणि म्हणाला, झाली ना सुट्टी. मी त्याला साहेबांच्या सहीचं पत्र धाडलं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब अधोरेखित करून. त्याचा फोन आला. "मॅडम, कायद्याचं कशाले काढता, आपसात पाहून घेऊ ना." मी म्हटलं, आपसात माझं काही नाही, दोन्ही सुट्ट्या द्या. त्यानं दिल्या. चौकीदारांनी मला पेढे आणले, मी घेतले नाहीत. एक घेतला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते की मी कोणाचं मत बुडवीन असं माझ्याबद्दल कोणालाही वाटलं नसतं. मला तर मुळीच नाही.

आमच्या ऑफिसात आवक-जावक पाहणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणजे चाळिशीकडे आलेली बाई, पण माझ्या टेबलासमोर बसायची आणि मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, म्हणून माझ्यासाठी मुलगी. येणारं प्रत्येक पत्र तिच्या रजिस्टरमधून जायचं. काम चोख. नवरा शाळेत शिक्षक, मुलगा पहिलीत. राहायला अमरावतीत, माहेर अकोला जिल्ह्यात, पातूरच्या अलीकडे. मतदार यादीतलं नाव अजून माहेरच्याच गावात. मी तिला कितीदा सांगितलं, अगं, नाव इकडे बदलून घे, जिथं राहतो तिथं नाव असावं, नियमही तोच आहे. ती हो म्हणायची आणि करायची नाही.

कारण तिची आई. म्हातारी एकटी गावात राहायची, काही केल्या लेकीकडे यायला तयार नाही. बौद्धांची वस्ती, विहार घराशेजारी. मतदानाच्या दिवशी तिथल्या बाया सकाळी पांढरी लुगडी नेसून विहारात वंदना करतात आणि तिथूनच केंद्रावर जातात. आई जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कामाला गेली. मुलगी एकदा मला म्हणाली, "मॅडम, माही आई मालकाले कदी सुट्टी मागे नाई. ताप असला तरी जाये. फक्त मताच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सांगून ये, उद्या मी येत नाई, मत हाये. विचारे नाई, सांगे." त्या सांगण्याचा तिला केवढा अभिमान होता.

तर ही मुलगी दर निवडणुकीला गावी जायची आणि दोघी मायलेकी बरोबर मत द्यायच्या. मागच्या विधानसभेच्या आधी आईचे डोळे गेले. काचबिंदू होता, आधी धूसर दिसायचं, मग तेही बंद झालं. घरबसल्या मतदानाचा अर्ज घेऊन गावातला बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, घरी गेला होता. आईनं त्याला चहा पाजला आणि फॉर्म परत दिला. "घरी कायचं मत? मी पोरीसंग जाईन."

त्या निवडणुकीला तिला ड्युटी लागली. नवऱ्यालाही लागली. दोघं नवरा-बायको ड्युटीवर आणि घरात लहान मूल असलं तर अर्ज करून एकाची रद्द करून घेता येते. तिनं अर्ज केला. त्याच दिवसांत मी फॉर्म बाराचा गठ्ठा बांधत होते. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, तिची तेवढी राहिली होती.

"मॅडम, माहा फॉर्म राहू द्या," ती म्हणाली. "माही ड्युटी रद्द होऊन राह्यली. मले गावालेच जाऊन मत द्याचं हाये."

"रद्द झाली का?"

"नाई, पण होईन. अर्ज देल्ला."

"मग आधी सही कर. झाली रद्द तर काढून ठेवीन. नाही झाली तर ऐन वेळी तुझ्यामागे कोण धावणार?"

तिनं सही केली. माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि माझ्यापुढे फार बोलायची तिची रीत नव्हती. आता वाटतं, तिथंच तिनं माझ्याशी भांडायला हवं होतं. पण भांडायला हवं होतं म्हणजे माझ्या चुकीचा अर्धा वाटा तिच्या पदरात टाकण्यासारखं झालं.

मी फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी गठ्ठा नेऊन दिला, तिच्या फॉर्मसकट. काढून ठेवणार होते, ते विसरले नव्हते. मला पोच घ्यायची होती आणि पोचेवर 'सर्व कर्मचारी' असं लिहून हवं होतं. एक कमी असता तर तसं लिहिता आलं नसतं. रद्द झाली तर पुढे पाहू, एवढंच मनात आलं.

चार-पाच दिवसांनी तिची ड्युटी रद्द झाल्याचा कागद आला. तिनंच तो आवकमध्ये नोंदवला आणि हसत माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "छान झालं." त्या वेळी मला फॉर्म आठवला होता का? आठवला होता. ड्युटीच रद्द म्हणजे अर्जही आपोआप रद्द होत असेल, अशी मी स्वतःची समजूत काढली. एवढ्या वर्षांत सरकारी कामात आपोआप काही झालेलं मी पाहिलं नव्हतं.

माझी निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती, म्हणून मला मतदान केंद्रावर पाठवलं नाही. सुविधा केंद्रावर टेबल दिलं. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पाकिटं लावायची, ज्याचं पाकीट त्याला ओळखपत्र आणि नेमणुकीचा आदेश पाहून द्यायचं, रजिस्टरवर सही घ्यायची. मतदानाला चार दिवस होते. दुपारी अकोल्याची पाकिटं आली. मी ती भागाप्रमाणे लावत होते आणि एका पाकिटावर तिचं नाव वाचलं.

पाकीट आलं याचा अर्थ मला नीट माहीत होता. एकदा टपाली मतपत्रिका निघाली की गावातल्या केंद्राच्या यादीत त्या नावापुढे लाल शाईनं 'पीबी', म्हणजे पोस्टल बॅलट, लिहितात. पीबी लिहिलेल्या माणसाला केंद्रावर मत देता येत नाही. आणि इथं सुविधा केंद्रावर मत द्यायचं तर माणूस निवडणुकीच्या कर्तव्यावर हवा. ती कर्तव्यावर नव्हती. इथं ड्युटी नाही म्हणून नाही, तिथं पीबी आहे म्हणून नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी सुविधा केंद्रावर ये, कागद घेऊन ये. काय झालं ते फोनवर सांगितलं नाही.

ती आली. प्लास्टिकच्या पाकिटात दोन्ही कागद नीट ठेवलेले, नेमणुकीचा आणि रद्द झाल्याचा. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. फॉर्म मीच पाठवला हेही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग मी हळूच म्हटलं, "हे बघ, तुझं पाकीट माझ्याकडेच आहे. पहिला आदेश दाखव. दुसरा कागद पर्समध्ये टाक. इथं कोणी विचारणार नाही. मत देऊन मोकळी हो."

तिनं टेबलावरच्या रजिस्टरकडे पाहिलं. त्यात एक रकाना आदेश क्रमांकाचा होता.

"इथं रद्द झालेला नंबर लिहू?"

"लिही."

"मॅडम, ते खोटं होते ना."

"खोटं काय त्यात? मत तुझंच आहे. दुसऱ्याचं थोडंच देतेस?"

"माहंच हाये, म्हूनच तं." तिनं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "आवक-जावकमदी मी आजवर एक तारीख मागंपुढं केली नाई. आता माह्याच मतासाठी करू?"

आणि ती सरळ आमच्या केंद्राच्या नायब तहसीलदारांपुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. मला त्या क्षणी तिचा असा राग आला की काय सांगू. मूर्ख मुलगी, एवढं सोपं करून दिलं तरी! आज तो राग आठवला की माझीच लाज वाटते, पण आला होता हे खरं आहे.

नायब तहसीलदार भले गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाले, "ताई, तुम्ही कर्तव्यावर नाही, तर मला इथं पत्रिका देता येत नाही."

"मंग मी गावाले जाऊन देतो."

"तिथं पीबी लागलेलं असेल."

"मंग कुठं देऊ, सर?"

त्यांनी अकोल्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, लेखी पाठवा, पाहतो. 'पाहतो' म्हणजे काय ते सरकारी नोकरीत सगळ्यांना कळतं. तरी मी तिला म्हटलं, तू जा, मी बघते. त्या दिवशी मी किती लोकांना पाकिटं दिली आणि किती सह्या घेतल्या, काही लक्षात नाही.

दुसऱ्या दिवशी इथं झालेल्या मतांची सीलबंद पाकिटं अकोल्याला पोचवायची होती. एक अधिकारी, एक पोलीस आणि गाडी जाणार होती. मी म्हटलं, मीही जाते, पाकिटं मीच लावली आहेत, मोजून मीच देते. नायब तहसीलदारांना खरं कारण कळलं असावं. त्यांनी तिचं न उघडलेलं पाकीट आणि दोन ओळींचं पत्र माझ्याकडे दिलं. गाडी मूर्तिजापूरवरून निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणं चालू होतं. मी मनात सारखी वाक्यं जुळवत होते, काय बोलायचं, कसं बोलायचं.

अकोल्यात टपाली मतपत्रिकेचं काम पाहणारा कारकून माझ्याच वयाचा निघाला. माझ्यासारखंच चांगलं अक्षर, माझ्यासारखीच पाठदुखी, खुर्चीवर उशी. त्यानं पाणी दिलं, पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, तुमच्याकडून फॉर्म आला, आमी पत्रिका देल्ली. आमचं काम झालं."

"पण तिनं ती वापरलेली नाही. हे बघा, सील तसंच आहे."

"पीबी म्हंजे मत देल्लं असं नाई ना मॅडम. पीबी म्हंजे पत्रिका निघाली. यादी छापून, सही होऊन गेली. आता मी खोडलं, अन् उद्या कोणी म्हटलं का या बाईनं दोनदा देल्लं, तं जबाब कोन देईन?"

"मग काहीच उपाय नाही?"

त्यानं पाकीट बाजूला ठेवलं आणि आवाज खाली आणला. "फॉर्मवर सही तिचीच हाये?"

"तिचीच."

"अन् फॉर्म तिनंच भरला?"

मी पाण्याचा ग्लास उचलला.

"पाहा मॅडम, तिनं फॉर्म भरलाच नाई, तिले नोको असताना तुमच्या हातून आला, असं काही असन तं लेखी द्या. मी साहेबापुढं ठेवतो. साहेब काय करतीन ते मले नाई सांगता येत. पण नुसत्या तोंडी बोलण्यावर मी फाईल हलवू शकत नाई."

त्यानं एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन काढलं. 'मी खाली सही करणार' इथपर्यंत लिहिलं. मग डोळ्यांपुढे माझा सगळा गठ्ठा आला. हे लिहिलं तर एकट्या तिच्याच नाही, माझ्या ऑफिसच्या प्रत्येक फॉर्मवर प्रश्न येणार होता. कोऱ्या अर्जांवर सह्या घेतल्या, कोणाच्या हुकमानं घेतल्या, किती निवडणुका घेतल्या. चौकशी लागणार. निवृत्तीला सहा महिने उरले असताना चौकशी म्हणजे पेन्शनचे कागद अडकणार. वर्षानुवर्षं ज्या शाबासक्या घेतल्या त्या एका कागदानं पुसल्या जाणार. बाकीच्यांची झालेली मतंही धोक्यात येतील, असंही मी स्वतःला सांगितलं, पण ते कारण मी मागून शोधलं. खरं कारण एकच. मी घाबरले.

मी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "बघते, साहेबांना विचारून पाठवते," असं म्हणाले. तो कारकून माझ्याकडे पाहत राहिला. त्याला सगळं कळलं होतं. कारकुनाला कारकुनाचं कळतं. त्यानं पाकिटांची पोच लिहून दिली आणि चहा मागवला. मी तो न पिताच उठले.

दिलं असतं लिहून तर तिचं मत मिळालं असतं का? बहुतेक नसतं. मतदानाला दोनच दिवस राहिले होते आणि यादी छापली गेली होती. पण 'बहुतेक' या शब्दावर मी रात्री शांत झोपू शकते असं मात्र नाही.

संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं की प्रयत्न केला, नाही जमलं. कोऱ्या कागदाचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, तुमी अकोल्यापर्यंत गेल्या, लय झालं. मी जाऊन तं पाह्यतो. कागद हाये माह्याकडं." तिनं माझे आभार मानले. मी ऐकून घेतले. ते आभार ऐकण्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मतदानाच्या दिवशी मी तिला फोन केला नाही. धीरच झाला नाही.

त्यानंतर ऑफिस भरलं तेव्हा नेहमीसारखा बोटं दाखवण्याचा कार्यक्रम सुरू होता. ज्यांना ड्युटी नव्हती ते शाई मिरवत होते, ज्यांना होती ते झोप न झालेल्या डोळ्यांनी ड्युटीच्या गोष्टी सांगत होते. ती थोडी उशिरा आली. थेट आपल्या टेबलावर बसली, टपाल फोडलं, नोंदवलं आणि आस्थापनेची पत्रं घेऊन माझ्याकडे आली. पत्रं माझ्यापुढे ठेवताना तिचं बोट मला दिसलं. शाई होती. नखाच्या मुळापासून वर गेलेली, ताजी, काळी रेघ.

मी उठून उभीच राहिले. "अगं, दिलं की तू! मला फोन तरी करायचा. पीबी खोडलं त्यांनी?"

तिनं दुसरा हात पत्रांवर ठेवला. डावा. त्याच्या एकाही बोटावर काही नव्हतं.

मत देणाऱ्याच्या डाव्या हाताला शाई लावतात. ज्याला दिसत नाही अशा मतदाराच्या सोबत जो आत जातो, त्यानं त्या दिवशी आणखी कोणाचा सोबती होऊ नये म्हणून त्याच्या उजव्या हाताला लावतात. हे मी प्रशिक्षणात कितीदा लोकांना समजावून सांगितलं असेल. मी खुर्चीत बसले.

तिनं माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि सावकाश सांगितलं. आईला केंद्राच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवून ती आधी एकटीच आत गेली होती. पहिल्या अधिकाऱ्यानं नाव शोधलं आणि म्हणाला, ताई, तुमचं टपाली झालेलं आहे. तिनं कागद दाखवला. केंद्राध्यक्षांनी कोणालातरी फोन लावला, फोन ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. मतदान प्रतिनिधी म्हणून बसलेला एक जण तिच्याच वस्तीतला होता, लहानपणी बरोबर शाळेत होता. तो हसत म्हणाला, "काय व ताई, दोनदा मत द्याले आली का?" त्याला गंमत वाटली असेल. आतले सगळे तिच्याकडे पाहायला लागले.

"मॅडम, त्या येळेस वाटलं, इथूनच घरी जाव," ती म्हणाली. "पण आई बाहेर बसली होती."

मग तिनं केंद्राध्यक्षांना विचारलं, सोबती म्हणून मले चालते का? ते म्हणाले, चालते. तिनं सोबत्यानं द्यायचा छापील कागद भरला, सही केली. भरून मग सही केली, कोऱ्यावर नाही. हे तिनं म्हटलं नाही, माझ्या मनात आलं. शाई लावून घेतली आणि आईला धरून आत नेलं. आईनं जे सांगितलं ते बटन तिनं आईचं बोट धरून दाबलं.

"आईले माहीत आहे?" मी विचारलं. माझ्याही तोंडून 'आईले' निघालं.

"नाई." ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. "घरी येताना तिनं विचारलं, तुले लागली का व शाई? मी म्हटलं, लागली. खोटं नाई ना मॅडम ते? तिनं माहा हात घेतला, बोट चाचपलं. वाळलेली शाई काय हाताले लागते? तरी चाचपलं. मंग म्हणे, चाल माय, दोघींचंबी झालं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हाव आई, झालं."